पन्नास पावलांचं बेट

लांबी पन्नास पावलं, रुंदी बावीस.
ही मार्चातली मोजणी. मे लागला की पावलं वाढतात,
वैनगंगा अंग चोरून घेते.

सातबाऱ्यावर हे नाही.
वनखात्याच्या कागदात ‘घाटासमोरील रेतीचा उंचवटा’,
आणि त्यापुढे कुणी पेन्सिलीनं लिहिलंय : संरक्षित.

आम्ही म्हणायचो, कवडूची डांगरवाडी.
सासरा टरबुजं लावायचा इथं,
कोपरभर खड्डा, मूठभर शेणखत,
अन् सुरयेची अंडी दिसली
की वेलाचं तोंड दुसरीकडे वळवायचा.
दया वगैरे नव्हती ती.
अंड्यावर पाय पडला तर जाळं वर्षभर रिकामं येतं,
एवढंच त्याला ठाऊक.

आता त्याच रेतीवर मी राखणदार.
रोजी साडेतीनशे, हाती पडते दिवाळीला.
एक शिट्टी, एक टोपी, एक वही.

वहीत लिहिते :
सुरय, घरटी एकोणीस.
पाणचिरा, घरटी दोन.
आर्ली मोजता येत नाही,
रेतीच उडाल्यासारखी उडते.
कासवाचा माग एक, पाण्यातून वर, वरून पाण्यात,
ट्रॅक्टरच्या चाकासारखा, पण लाजरा.

दुपारी पंचेचाळीस अंश.
सुरय जाते, पाण्याला पोट टेकवते,
ओलं पोट घेऊन अंड्यांवर बसते.
मी पदर भिजवून डोक्यावर घेते.
कोण कुणाचं पाहून शिकलं
याला वहीत रकाना नाही.

एप्रिलात कोकणातली एक पोरगी आली, अनघा तोडणकर,
खांद्यावर हातभर नळीचा कॅमेरा.
म्हणाली, आमच्याकडेही आहे बेट,
समुद्रात, काळ्या खडकाचं.
भोवती डॉल्फिन, वर समुद्रगरुड,
तिथंही जाळं टाकायला मनाई.
मी विचारलं, समुद्राचं पाणी कोन सोडते?
ती हसली.
मग हसायची थांबली.

बावीस मे. धरणावरून फोन :
दोन दारं उघडली, अर्धा अर्धा मीटर.
पाणी इथवर यायला सहा तास.
एकोणिसातली बारा घरटी खालच्या काठाला.

नियम चौथा : घरट्यास हात लावू नये.

झिंगरू डोंगा घेऊन आला, फावडं नि दोन घमेली.
‘काकू, हात लावाचा नाही मनून लेहून हाय.’
‘अंड्याले कोन लावते रे? मी रेतीले लावून रायलो.’

खालून रेती सारायची,
बोटभर उचलायचं, थांबायचं,
माय परत बसली की दम घ्यायचा,
ती उडाली की पुन्हा बोटभर.
म्हातारीला उशी द्यावी तसं.
सुरया वरून सुरीसारख्या यायच्या,
टोपी फोडून टाळूला लागल्या दोनदा.
रक्त आलं तेव्हा झिंगरू म्हणाला,
‘हे वहीत लेहा.’

नऊ उचलली.
दहाव्याला हात घातला तेव्हा
रेती आतून ओली लागली.

रात्रभर आम्ही उंच टोकाला,
डोंगा पायाशी बांधून.
पाणी बोलत नाही. कडा तेवढ्या पडतात,
धप्प, मग बराच वेळ काही नाही, मग धप्प.

सकाळी मोजलं. लांबी अकरा पावलं.
सुरय सोळा. पाणचिरा दोन.
कासवाचा माग नाही. अंडी खाली आहेत की गेली,
ते कासवालाही ठाऊक नसेल.

रकाना : नुकसानीचे कारण.
मी लिहिलं, फोन.
खोडलं. लिहिलं, पाणी.
त्यावर साहेबांची सही झाली.

नवीन टोपीचा अर्ज दिलाय.
जुनीच्या भोकातून ऊन
नेमकं त्याच जागी लागतं.